आखाजीचा झोका: खान्देशातून गेम डेव्हलपर होण्याच्या पायऱ्या

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो की ओट्यावर दोन-चार पोरं येऊन बसतात. एखादा चोपड्याचा, एखादी यावलची, कधी शहाद्याहून आलेला पाहुणा. प्रश्न ठरलेला: "भो, गेम बनवायचे तर काय शिकू?" मी उलट विचारतो, "आतापर्यंत काय बनवलं?" मग सगळे गप्प. एकाने ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात. दुसरी पुण्यातल्या कोर्सची फी विचारून आलेली असते. तिसऱ्याच्या डोक्यात जीटीए असतो, पण जळगावचा: अजिंठा चौफुलीवरून बुलेट पळवायची, टॉवर चौकात पोलीस मागे लागायचे. कल्पना झकास आहे. पण तसा गेम शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबून करतात हे सांगितलं की चेहरा पडतो.

मी जळगावात बीएस्सी कॉम्प्युटर केलं आणि आता पुण्यात एका स्टुडिओत गेमप्ले प्रोग्रामर आहे. ओट्यावर दर वर्षी जे सांगतो तेच इथे लिहितोय. त्यात माझा एक हट्ट जागोजागी दिसेल: मोठा गेम सुरू करू नका, छोटा गेम पुरता करा.

पायरी १: नेमकं काम कोणतं, ते ठरवा

"गेम डेव्हलपर" हे एका कामाचं नाव नाही. प्रोग्रामर कोड लिहितो. आर्टिस्ट चित्रं किंवा थ्रीडी मॉडेल करतो. ॲनिमेटर त्यांना हलवतो. गेम डिझायनर नियम ठरवतो: उडी किती उंच, नाणी किती, शत्रू कुठे. टेक्निकल आर्टिस्ट हा आर्ट आणि कोड यांच्यातला दुवा, आणि असे लोक नेहमी कमी पडतात. आवाजाचं काम वेगळं, प्रोड्यूसरचं वेगळं. क्यूए म्हणजे टेस्टिंग. दिवसभर गेम खेळायला मिळतो म्हणून पोरांना ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकाच भिंतीला वेगवेगळ्या कोनातून शंभरदा धडकायचं आणि माणूस नेमका केव्हा आरपार जातो ते क्रमवार लिहून द्यायचं. ज्याला नीट लिहिता येतं तोच तिथे टिकतो.

परदेशी गेम कंपन्यांपैकी युबिसॉफ्टचे पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत, सुमो पुण्यात, ईए हैदराबादला, रॉकस्टार बेंगळुरूला. या ठिकाणी बरंचसं काम परदेशी मोठ्या गेमच्या एखाद्या भागाचं असतं. स्वतःचे गेम करणारेही आहेत. 'राजी' हा २०२० साली आलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, आणि ज्या 'लुडो किंग'ने लॉकडाऊनमध्ये अख्ख्या घराला भांडायला लावलं तो नवी मुंबईच्या गेमेशनचा. सांगायचं एवढंच की खान्देशातून निघालात तर पहिलं स्टेशन बहुधा पुणे असेल. काम घरी बसून शिकता येतं, पण पहिली नोकरी अजून तरी शहरातच मिळते.

चित्र काढायची सवय असेल तर आर्ट, गणित आवडत असेल तर कोड. दोन्ही थोडं थोडं येत असेल तर सध्या कोड धरा, नंतर बदलता येईल. गेम डिझायनरची जागा नवख्याला सहसा मिळत नाही, त्यामुळे नुसत्या कल्पनांच्या जोरावर अर्ज करू नका.

पायरी २: मशीन

ज्याच्याकडे जे आहे त्यावर सुरुवात करा. इंजिन म्हणजे ज्यात गेम बनवायचा ते सॉफ्टवेअर. ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर गोडो इंजिन आरामात चालतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनला १६ जीबी बरी. अनरियल हे तिसरं इंजिन करायचं असेल तर ३२ जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, तेव्हा ते सध्या राहू द्या. पैसे कमी असतील तर नव्या लॅपटॉपपेक्षा जुना डेस्कटॉप घ्या. त्यात पुढे रॅम आणि एसएसडी वाढवता येते.

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा. मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. दुपारी गेम अडखळायला लागला आणि मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. चूक पत्र्याच्या छपराची होती. तेव्हापासून जड काम पहाटे पाच ते नऊ, दुपारी वाचन. लाईट जाते हे गृहीत धरा आणि दर थोड्या वेळाने सेव्ह करत जा. त्यासाठीच गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद जपणारं साधन, शिका, तेही पहिल्याच आठवड्यात. माझा एक पूर्ण गेम एका पेन ड्राईव्हमध्ये होता आणि तो पेन ड्राईव्ह कपड्यांबरोबर धुतला गेला. गिटहब, म्हणजे ते सगळं इंटरनेटवर ठेवायची जागा, फुकट आहे. फक्त १०० एमबीपेक्षा मोठी फाईल ते घेत नाही, हे ध्यानात ठेवा.

पायरी ३: इंजिन

यावर पोरं महिनोन् महिने वाद घालतात. माझं मत सरळ आहे. शिकायला गोडो, नोकरीला युनिटी, आणि मोठ्या थ्रीडी कामाची हौस असेल तर पुढे अनरियल.

गोडो पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. डाऊनलोड इतकं छोटं की मोबाईलच्या रोजच्या डेटा पॅकमध्ये बसतं. त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा पायथनसारखी वाचता येते. भारतातले मोबाईल गेमचे बरेच स्टुडिओ युनिटी वापरतात, त्याची भाषा सी शार्प. अनरियलमध्ये सी प्लस प्लस चालते. गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की त्यापुढच्या रकमेवर ते ५ टक्के मागतात. तुमची कमाई तिथवर गेली तर मला पेढे द्या.

एकाच इंजिनशी लग्न लावू नका, याचा दाखला ताजा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेम किती वेळा इन्स्टॉल झाला यावर शुल्क लावायचं जाहीर केलं. जगभर ओरड झाली, कित्येकांनी इंजिन सोडलं आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीने ते शुल्क रद्द केलं. ज्यांना कोडमागची कल्पना कळली होती ते महिनाभरात दुसरीकडे रुळले. ज्यांनी नुसती बटणं पाठ केली होती त्यांची पंचाईत झाली.

पायरी ४: पहिला गेम, म्हणजे झोका

पहिला गेम एका बोटाने खेळता यावा, एकाच पडद्यावर मावावा आणि दोन आठवड्यांत संपावा. मी आखाजीचा झोका केला होता. कडूनिंबाची फांदी, दोर, माहेरी आलेली बाई, आणि बोट टेकवलं की झोका घेतला. जितका उंच जाल तितके गुण. एवढंच. त्यात मी जे शिकलो ते पुढे कोणत्या वर्गात शिकलो नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झोका म्हणजे लंबक. दोन आकडे जपायचे: सध्याचा कोन आणि तो बदलण्याचा वेग. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, कोनाचा साइन काढायचा, गुरुत्वाकर्षण भागिले दोराची लांबी याने गुणायचा आणि उलट चिन्ह द्यायचं. हे झालं त्वरण. त्वरण वेगात मिळवा, वेग कोनात मिळवा, दोर त्या कोनात फिरवा. अकरावी-बारावीचं फिजिक्स आहे हे, फक्त इथे ते डोळ्यासमोर हलतं.

पहिली गंमत इथेच झाली. मी आधी कोन बदलत होतो आणि मग वेग. कोणी हात न लावता झोका दर फेरीला थोडा उंच जायला लागला. बहीण म्हणाली, "याच्यावर भूत बसेल शे!" म्हणजे बसलंय. भूत नव्हतं. जुन्या वेगाने कोन बदलला की प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा उगाच वाढते. आधी वेग बदलायचा आणि तो नवा वेग कोनाला द्यायचा. दोन ओळींची अदलाबदल केली आणि भूत उतरलं.

दुसरी गंमत मावसभावाच्या स्वस्त मोबाईलवर. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम, त्याच्या फोनवर ३०. त्याचा झोका निम्म्या वेगाने, पाण्यात बुडाल्यासारखा. कारण मी प्रत्येक फ्रेमला ठरावीक वेग मिळवत होतो. उपाय असा की मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणायचं. इंजिन तो आकडा आयता देतं, त्याला डेल्टा म्हणतात. हे ज्याला समजलं त्याला गेम प्रोग्रामिंगचा पाया समजला असं मी खुशाल म्हणतो.

तिसरी गोष्ट गणिताच्या पलीकडची. तीन मीटर दोराचा खरा झोका एक फेरी साधारण साडेतीन सेकंदांत पूर्ण करतो. मी आकडे अगदी खरे ठेवले होते आणि गेम कंटाळवाणा होता. गुरुत्वाकर्षण तिप्पट केलं, फेरी दोन सेकंदांवर आली आणि लगेच मजा वाटायला लागली. खेळणाऱ्याला खरं नको असतं, खरं वाटणारं हवं असतं. यालाच धंद्यात गेम फील म्हणतात, आणि तो असे आकडे शंभर वेळा बदलूनच सापडतो.

बोट टेकवल्यावर काय व्हावं? झोका अगदी खाली, तळाशी असताना टेकवलं तर ज्या दिशेने चाललाय त्या दिशेने भरपूर वेग द्या. तळापासून दूर असताना टेकवलं तर कमी द्या. उलट वेळी टेकवलं तर थोडा कापा. खेळणारा आपोआप ताल शिकतो. माझ्या आईने सूचना न वाचता तिसऱ्या फेरीला ताल पकडला आणि गौराईचं गाणं म्हणत खेळत बसली. चार तासांनी तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते.

पायरी ५: पुरता करणं

झोका हलला की पोरांना वाटतं गेम झाला. खरं काम तेव्हा सुरू होतं. सुरुवातीचा पडदा, पुन्हा खेळा, थांबवा, आवाज बंद, सर्वोच्च गुण लक्षात ठेवणं, फोन आला तर काय, पडदा आडवा केला तर काय. यात आणखी दोन आठवडे जातात आणि बहुतेकांचे गेम इथेच मरतात.

मराठी अक्षरांबद्दल एक इशारा देतो, कारण इंग्रजी व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही. देवनागरीत जोडाक्षरं असतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. युनिटीत अक्षरं उमटवणारं नेहमीचं टेक्स्टमेशप्रो हे आपण होऊन करत नाही. "किती" लिहिलं तर वेलांटी "क"च्या पाठीमागे जाऊन बसते आणि "शक्ती"चा पाय मोडतो. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून आत अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, त्यामुळे मराठी नीट उमटतं. मराठीत गेम करायचा तर पहिल्याच दिवशी "श्रीकृष्ण", "किर्र", "पिल्लू" असे शब्द टाकून बघा. शेवटच्या आठवड्यात कळलं तर सगळं चित्र म्हणून चिकटवावं लागतं. मी चिकटवलंय.

मग गेम लोकांच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. हा भाग सगळ्यात जड जातो. "अरे तिथे नाही, इथे दाब" असं ओठांवर येतं, ते गिळायचं. तुम्ही प्रत्येक खेळणाऱ्याच्या घरी जाऊन समजावणार नाही आहात. कुठे अडला, कुठे हसला, कधी फोन खाली ठेवला, तेवढं वहीत लिहा. घरचे "छान आहे" म्हणतात. त्यावर जाऊ नका. पुन्हा खेळायला मागतात का ते बघा.

पायरी ६: बाहेर काढा

सगळ्यात सोपी म्हणजे इच डॉट आयओ ही गेम टाकायची वेबसाईट. खातं फुकट, गेम ब्राउझरमध्ये चालतो, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवता येते. पहिले दोन-तीन गेम इथेच टाका.

गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. त्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे १२ माणसं जमवणं सोपं, १४ दिवस टिकवणं अवघड. मी लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन केलं होतं. २० जण घ्या, म्हणजे गळती झाली तरी चालतं.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात प्रत्येक गेमला १०० डॉलर लागतात, ते १००० डॉलरची विक्री झाल्यावर परत मिळतात, आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा स्टीम ठेवतं. पहिल्या गेमसाठी तिकडे जाऊ नका.

मधल्या काळात गेम जॅम करा. ठरावीक वेळेत, दिलेल्या विषयावर गेम पुरता करायची ही शर्यत असते. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर वर्षी जानेवारीच्या सुमारास होतो. लुडम डेअर २००२ पासून आहे, ते घरून करता येतं. तुम्ही कोड करत असाल तर चित्र काढणारा एखादा पोरगा शोधा. जळगाव, धुळे, शिरपूर, कुठल्याही कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर सुरेख चित्रं काढणारं कोणीतरी असतंच. दोन दिवस झोप न काढता एकत्र काम केलं की माणूस कळतो.

पायरी ७: कोर्स घ्यावा का

माझा अनुभव कडू आहे. एका खासगी संस्थेत मी सहा महिन्यांची फी भरली, वडिलांनी केळीच्या कांदेबागेच्या पैशातून दिली होती. शिकवायला आले ते आमच्यापेक्षा एक बॅच पुढचे विद्यार्थी आणि इंजिनची आवृत्ती चार वर्षं जुनी. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे एका कॉल सेंटरचा पत्ता निघाला. चांगल्या संस्था नाहीत असं नाही. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा: मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले गेम खेळायला द्या, शिकवणाऱ्याने स्वतः बाहेर काढलेला गेम दाखवा, आणि दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलू द्या. टाळाटाळ झाली तर बस पकडून घरी या.

साधी बीएस्सी, बीसीए किंवा इंजिनिअरिंगची पदवी मात्र सोडू नका. गेमची नोकरी नाही लागली तर दुसरं सॉफ्टवेअर आहे, हा धीर मोठा असतो. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो माणसं काढली. हा धंदा केळीसारखा आहे. भाव असला की सोनं, नसला की बांधावर फेकायची पाळी.

पायरी ८: घरच्यांशी बोलणं

आखाजीला आपल्याकडे पत्ते कुटले जातात, त्यामुळे "गेममध्ये पैसा" म्हटलं की वडीलधाऱ्यांना आधी जुगार आठवतो. त्यांचं अगदीच चुकत नाही. पैसे लावून खेळायच्या ॲपनी बरीच घरं धुतली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाईन पैशांचे गेम बंद केले. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे, पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे धरले आहेत. हा फरक घरी शांतपणे सांगा. नोकरी शोधतानाही कंपनी नेमकं काय बनवते ते आधी बघा.

माझ्या अमळनेरच्या मामांना फारसं समजवावं लागलं नाही. त्यांच्या गावात १९४५ साली वनस्पती तेलाची गिरणी म्हणून निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली. "काय कशातून निघेल सांगता येत नाही," एवढंच ते म्हणाले. वडिलांना मी झोका दाखवला. त्यांनी खेळून बघितला आणि विचारलं, "हे किती लोकांनी खेळलं?" तेव्हा आकडा ६४ होता. त्यांना तो फार वाटला.

पायरी ९: अर्ज, मुलाखत, करार

पोर्टफोलिओ म्हणजे एक साधं पान. तीन पूर्ण गेम, प्रत्येकाची खेळायची लिंक, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि "यात मी काय केलं" याच्या दोन ओळी. अर्धवट दहा टाकू नका. बघणाऱ्याकडे फार वेळ नसतो, म्हणून सगळ्यात चांगला गेम वर ठेवा.

प्रोग्रामरच्या मुलाखतीत हमखास विचारतात: शत्रू खेळाडूच्या समोर आहे की मागे, कसं ओळखाल? उत्तर डॉट प्रॉडक्टमध्ये, म्हणजे दोन दिशांच्या अदिश गुणाकारात, आहे. खेळाडूची दिशा आणि शत्रूकडे जाणारी दिशा यांचा हा गुणाकार धन आला तर समोर, ऋण आला तर मागे. दुसरा नेहमीचा प्रश्न ऑब्जेक्ट पूलिंगचा. मी केळीचं उदाहरण दिलं होतं. प्रत्येक गाडीला नवे कॅरेट विकत घेऊन नंतर फेकून देत नाही. रिकामे परत आणतो, रचून ठेवतो आणि पुन्हा भरतो. गोळ्यांचंही तसंच. दर वेळी नवी गोळी तयार करून नष्ट केली तर मेमरी साफ करताना गेम अडखळतो, म्हणून शंभर गोळ्या आधीच करून ठेवायच्या आणि त्याच फिरवायच्या. समोरचे हसले. पण उत्तर बरोबर होतं.

इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, पण आपल्या कोडबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचा सराव करा. मी भिंतीशी बोलायचो. एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणा आणि ती कशी शोधाल ते सांगा.

नोकरी मिळाली की आनंदाच्या भरात कोणी करार वाचत नाही. वाचा. नोटीस किती दिवसांची, बाँड आहे का, सोडताना पैसे मागणार का. आणि एक कलम खास शोधा: नोकरीत असताना तुम्ही घरी, स्वतःच्या वेळात केलेला गेमही कंपनीचा, असं काही करारांत असतं. आधी केलेल्या कामांची यादी जोडायला बहुधा एक कोरा तक्ता दिलेला असतो आणि लोक तो तसाच सोडतात. मी तिथे पहिल्या ओळीत "आखाजीचा झोका" असं लिहिलं, शेजारी तारीख घातली, आणि मगच सही केली.